हलक्या गाडीतला जड माणूस

“हात काढून घेतला त्यांनी! ऐकताय का तुम्ही, हेर शिर्के? हात काढून घेतला!”

सोमवारची सकाळ, साडेसात वाजलेले, आणि आमच्या वर्कशॉपच्या दारात फ्राऊ वीगांड, म्हणजे वीगांडबाई, ओरडत उभ्या. (हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत, गुप्तहेर नव्हे.) जर्मनीत मला तीस वर्षं होत आली. एवढ्या काळात भरदिवसा, शुद्धीवर असताना मोठ्याने ओरडणारी माणसं मी दोनच पाहिली होती. एक फुटबॉलची मॅच चालू असतानाचा आमचा शेजारी, आणि दुसरा मी. फ्राऊ वीगांड तिसऱ्या. पंचाहत्तरीच्या, काडीसारख्या, शाळेत चौतीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. त्या ओरडल्या तेव्हा लिफ्टवरची गाडी दोन इंच खाली आली, असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. गाडी जागेवरच होती. खाली आलो होतो तो मी.

“आधी आत या,” मी म्हटलं, “कॉफी घ्या.”

“कॉफी नको. जे जे बसवलंय ते सगळं बाहेर काढा. मला माझी गाडी परत द्या!”

गाडी अंगणातच उभी होती. गडद हिरवी, दोन माणसांची, वरचं छप्पर कापडाचं. आठच दिवसांपूर्वी मी ती त्यांच्या ताब्यात दिली होती, आणि माझ्या हातचं आजवरचं सर्वांत देखणं काम म्हणून जाताना तिचा फोटोही काढून ठेवला होता.

हात होता त्यांच्या नवऱ्याचा. तो कुठून काढून घेतला आणि त्यात एवढं ओरडण्यासारखं काय, हे कळायला आधी आमचा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल. या अंकाच्या संपादकबाईंनी मला फोनवर दोनदा बजावलंय की शिर्केकाका, लेख द्या, पण थापा नकोत. म्हणून जिथे फुगवलंय तिथे मीच सांगत जाईन. बाकीचं घडलं तसं आहे.

मी गाड्यांचं सस्पेन्शन करतो. इंजिनाचं कौतुक सगळे करतात. सस्पेन्शनची आठवण माणसाला गुडघ्यांसारखी येते, दुखायला लागल्यावर. रस्ता आणि माणूस यांच्यामध्ये जे काही आहे ते आमचं. स्प्रिंग धक्का गिळते. गिळल्यावर ती उड्या मारत सुटू नये म्हणून शॉक ॲब्सॉर्बर तिला धरून ठेवतो. सांध्यांमध्ये रबराचे बुश असतात, ते बारीकसारीक कुरकुर खाऊन टाकतात. वीस-पंचवीस वर्षांत रबर वाळतं, शॉक ॲब्सॉर्बरमधलं तेल गळतं, स्प्रिंग बसते. मग मालक आमच्या दारात येतो आणि आम्ही ठरवतो, काय करायचं.

रस्ते दोन. एक म्हणजे जे कारखान्यातून आलं होतं तेच सगळं नवं घालायचं. त्याला आम्ही रिफ्रेश म्हणतो. दुसरा म्हणजे जे नव्हतं ते घालायचं. जास्त कडक स्प्रिंगा, बटण फिरवून कमीजास्त करता येणारे शॉक ॲब्सॉर्बर, गाडी चार बोटं खाली. हे अपग्रेड. माझा भागीदार बेर्न्ड, वर्कशॉपचा परवाना त्याच्या नावावर, तो मास्टर. त्याने फार पूर्वी एक फॉर्म छापून घेतलाय, त्यावर तीनच प्रश्न आहेत. गाडी कुठे चालवता? गाडीत कोण बसतं आणि त्यांचं वजन किती? तुम्हाला काय हवंय? उत्तरं लिहून झाली की ठरवायला फारसं काही उरत नाही, असं बेर्न्डचं म्हणणं.

वजनाचा प्रश्न वाचून गिऱ्हाईक हसतं. पण आमच्याकडे येणाऱ्या गाड्या हलक्या. वीगांडबाईंची गाडी सातशे चाळीस किलोची, म्हणजे आमच्या कोल्हापूरकडची दीड म्हैस. दोन टनांच्या गाडीत माझ्यासारखा बसला तर तिला पत्ताही लागत नाही. हलक्या गाडीत बसणारा माणूस नुसता प्रवासी नसतो, तो तिचा एक सुटा भागच असतो. म्हणून आम्ही चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवतो, सीटवर मालकाच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवतो आणि मगच पाने हातात घेतो. माणूस जड धरला आणि बसला हलका, तर स्प्रिंग दबतच नाही. मग रस्त्यातला प्रत्येक खडा थेट पाठीच्या मणक्यात.

हे मी शेकडो लोकांना समजावलंय. दातांचे एक डॉक्टर यायचे, त्यांना शर्यतीच्या गाडीसारखं कडक सस्पेन्शन हवं होतं. मी म्हटलं, तुम्ही तर क्लिनिक ते घर एवढंच चालवता. ऐकेनात. करून दिलं. पंधराव्या दिवशी रेल्वे फाटक ओलांडताना त्यांच्या स्वतःच्याच दाढेतलं सिमेंट निघालं. (दाढ खरी. फाटक मी घातलंय.) डार्मश्टाटच्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारा सांगलीचा ओंकार आला, जुनी गाडी घेऊन. “काका, जरा आणखी खाली.” अरे बाळा, याच्या खाली तळघर! त्यानेही ऐकलं नाही, आणि त्याच्या बिल्डिंगच्या टीफगाराजच्या, म्हणजे तळघरातल्या पार्किंगच्या, चढावर गाडीचं पोट असं टेकलं, की मागे बसलेले मित्र आणि डिकीतलं गव्हाचं पीठ उतरवल्याशिवाय ती वर येईना. तेव्हा त्याला मी वजनावर अर्धा तास व्याख्यान दिलं. बेर्न्ड शेजारी उभा राहून मान हलवत होता. मला सगळं माहीत होतं, एवढंच सांगायचंय.

पण मला आणखीही एक गोष्ट माहीत होती, ती म्हणजे माझं बूड. हसू नका, जर्मन लोक याला गमतीने पोपोमीटर म्हणतात. बुडाने मोजायचं यंत्र. बव्हेरियातल्या एका कारखान्याच्या चाचणीच्या रस्त्यावर मी अकरा वर्षं गाड्या चालवल्या. रस्त्यात दोन युरोचं नाणं पडलेलं असलं आणि मी वरून गेलो, तर गरुड वर की आकडा हे शिर्के सांगतो, अशी माझी ख्याती होती. ती पसरवणाराही मीच. तरी त्यात थोडं तथ्य होतं. कोणता बुश गेलाय हे मी दोनशे मीटरांत सांगायचो आणि क्वचितच चुकायचो. असा क्वचित चुकणारा माणूस फार धोकादायक.

फ्राऊ वीगांड पहिल्यांदा आल्या तेव्हा बेर्न्ड तीन आठवड्यांच्या उरलाउबवर, म्हणजे सुट्टीवर, गेला होता. वर्कशॉपमध्ये मी एकटा राजा. बाईंनी गाडी स्वतः चालवत आणली, बंद केली, आणि गाडीतच बसून बोलायला लागल्या.

त्यांचे यजमान रुडोल्फ ओडेनवाल्डमध्ये डोंगरातल्या एका नर्सिंग होममध्ये होते. मेंदूला दोनदा झटका येऊन गेलेला. बोलणं बंद, ओळख जवळपास बंद, पाठीचे मणके ठिसूळ झालेले. दर रविवारी बाई चाळीस किलोमीटर वळणं चढून तिथे जायच्या, त्यांना उजव्या सीटवर बसवायच्या आणि तासभर फिरवून आणायच्या. दोघांनी तरुणपणी सगळा युरोप याच जातीच्या गाड्यांतून पालथा घातला होता. तेव्हा गाडी ते चालवायचे आणि बाई मांडीवर नकाशा घेऊन बसायच्या.

“आता मी चालवते,” त्या म्हणाल्या. “पण गिअर ते टाकतात.”

“म्हणजे?”

“मी क्लच दाबते. त्यांना इंजिन ऐकू येतं, क्लच कळतो. त्यांचा डावा हात गिअरच्या दांड्यावर असतो. ते टाकतात. आजवर एकदाही चुकले नाहीत.” मग म्हणाल्या, “बाकी काही उरलेलं नाही, हेर शिर्के. चमचासुद्धा धरता येत नाही.”

अडचण अशी झाली होती की गाडी आता फार हादरे द्यायची. गेल्या दोन खेपांना रुडोल्फ कण्हत परतले होते. होमच्या सिस्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा पाठ दुखत परत आले तर गाडीतून नेणं बंद.

“पूर्वीसारखी करून द्या,” बाई म्हणाल्या. “बस, पूर्वीसारखी.”

मी गाडी वर घेतली. बुश वाळून तडकलेले, मागचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर तेलाने ओले. उघड उघड रिफ्रेशचं काम. जे होतं तेच नवं घालायचं, दोन दिवसांत मोकळं व्हायचं. नवशिक्यानेही हेच ठरवलं असतं. पण कारागिराला एक रोग असतो, विशेषतः भागीदार सुट्टीवर असताना. गिऱ्हाईक म्हणतं पूर्वीसारखी, आणि त्याच्या अंगात येतं की पूर्वीपेक्षा भारी करून दाखवू. फळीवर एक नवाकोरा संच पडून होता, बटणाने जुळवता येणारे शॉक ॲब्सॉर्बर आणि त्यांच्या जोडीच्या स्प्रिंगा. किती दिवस मी त्याच्याकडे बघत होतो. मी बाईंना म्हटलं, “पूर्वीसारखी कशाला? अशी करून देतो की तुमचे यजमान गाडीत झोपी जातील.”

“झोपायला नकोत,” त्या म्हणाल्या. पण मी एकदा बोलायला लागलो की समोरचा शेवटी हो म्हणतोच. दमून.

फॉर्म काढला. पहिला प्रश्न झाला. दुसऱ्यावर माझी जीभ अडली. समोर आईच्या वयाच्या, करड्या केसांच्या, शिक्षिका असलेल्या बाई. त्यांना काय विचारू, तुमचं वजन किती? आमच्यात बाईमाणसाला वय विचारत नाहीत, वजन तर सासूसुद्धा विचारत नाही. नुसतं बघून “वाळलीस गं” म्हणते आणि भात वाढते. तीस वर्षं जर्मनीत राहूनही हा प्रश्न मी बायकांना कधीच विचारला नव्हता. तो नेहमी बेर्न्ड विचारायचा, पावतीवरचा पत्ता विचारावा तसा. मी रकाना रिकामा ठेवला. त्यांच्या यजमानांना तर मी पाहिलंही नव्हतं. बोलण्यात आलं होतं की उंच आहेत, तरुणपणी रोइंग करायचे. मनात म्हटलं, ऐंशी धरू.

आमच्याकडे वीस-वीस किलोची चार पोती. चारही उजव्या सीटवर गेली. डावीकडे ठेवायला पोतं उरलं नाही, म्हणून मी स्वतः बसलो. त्या वेळी मी एकशे चार किलोचा होतो, न्याहारीच्या आधी. हातातल्या पडद्यावर चार काट्यांचे आकडे बघत मी स्प्रिंगा जुळवल्या, बटणं फिरवली. मग तशीच रस्त्यावर घेतली. काय सांगू, लोणी! खड्डे आपणहून बाजूला होत होते. आनंदाच्या भरात फॉर्मच्या रिकाम्या रकान्यात मी लिहून टाकलं, चालक एकशे चार, प्रवासी ऐंशी. कारण काट्यांवर तेच वजन होतं, आणि कागदावर खोटं लिहायचं नाही हे बेर्न्डने मला शिकवलेलं. तोंडी खोटं बोलायला त्याने मनाई केली नव्हती. बाईंना गाडी देताना मी म्हणालो, “स्वतः शंभर किलोमीटर चालवून पाहिली.” अठरा चालवली होती.

पुढचा रविवार उजाडला, आणि सोमवारी सकाळी फ्राऊ वीगांड आमच्या दारात.

शेवटी आवाज खाली आला तेव्हा त्यांनी सांगितलं. होमच्या फाटकातून बाहेर पडताना रुडोल्फनी नेहमीसारखा हात दांड्यावर ठेवला. पहिला गिअर टाकला. मग दगडी फरशीचा रस्ता लागला. गाडी ताडताड उडायला लागली, तसा त्यांनी हात काढून घेतला आणि दोन्ही हातांनी सीटची कड धरली. बाईंनी दुसऱ्या गिअरसाठी क्लच दाबला, आणि दाबूनच ठेवला. हात आला नाही. मागून गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. बाईंनी गिअर टाकला, तिथूनच गाडी वळवली. परत पोचेपर्यंत ते लहान मुलासारखे रडत होते.

“त्यांना वाटलं असेल, मी त्यांना दुखवलं,” बाई म्हणाल्या. “मी. त्यांना शिर्के माहीत नाहीत.”

आता खरं तर त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. बाई, मी तुमचं वजन विचारलं नाही. तुमच्या जागी मी बसलो. शब्द घशापर्यंत आलेही असतील. पण तोंडातून बाहेर पडलं ते वेगळंच. “स्प्रिंगांची खेपच खराब आली असणार. हल्ली असं होतं. सगळं बदलून देतो, काळजी करू नका.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. किल्ली टेबलावर ठेवली आणि बसस्टॉपकडे चालायला लागल्या.

बेर्न्ड त्याच दिवशी सुट्टीवरून परतला होता. मागे हात पुसत उभा होता, सगळं ऐकलं होतं त्याने. बेर्न्ड इथल्याच, हेसेन राज्यातल्या खेड्यातला, एरवीच दिवसाला नऊ शब्द बोलतो. रागावला की त्यातले चार वाचवतो. त्याने फाइल काढली, फॉर्म बघितला.

“एकशे चार?” तो म्हणाला. “ही बाई?”

“नाही. मी.”

“आणि ऐंशी?”

“अंदाजे.”

त्याने फॉर्म घडी न घालता माझ्यासमोर ठेवला. “तिला सांग.”

“सांगतो.”

मी सांगितलं नाही. आज सांगू, गाडी देताना सांगू, असं करत राहिलो. खोटं बोललो नसतो तर सांगणं सोपं होतं. खेप खराब म्हटल्यावर आता दोन गोष्टी कबूल कराव्या लागणार होत्या.

गाडी पुन्हा मुळात न्यायची तर योग्य वजन हवं. आणि तरीही, लाज वाटते सांगायला, मला विचारवेना. आता तर कारणही सांगावं लागलं असतं. मी घरी जाऊन सुलभाला, म्हणजे आमच्या बायकोला, फोन करायला सांगितलं.

“अहो, त्यात काय एवढं?” तिने फोन लावला. तिचं जर्मन माझ्यापेक्षा कच्चं, पण सरळ. हवापाणी, पाठदुखी, “या, या, गेनाऊ” (हो, हो, अगदी बरोबर), आणि दोन मिनिटांत फोन ठेवला. “त्या एक्कावन्न. यजमान छप्पन्न. तुम्हाला एवढं विचारायला महिना लागला?”

छप्पन्न. रोइंग करणारा उंच माणूस. दोघं मिळून एकशे सात. म्हणजे मी एकटा आणि वर एक तांदळाची पिशवी. त्या एवढ्याशा गाडीत मी सत्याहत्तर किलोचं नसलेलं माणूस बसवून ठेवलं होतं, आणि त्या माणसासाठी कडक केलेल्या स्प्रिंगा खऱ्या माणसाच्या ठिसूळ पाठीत मारत होत्या.

मूळच्या मऊ स्प्रिंगा, साधे शॉक ॲब्सॉर्बर आणि रबराचे बुश मागवले. यायला दोन आठवडे लागले. अपग्रेडची नोंद मी मोठ्या रुबाबात गाडीच्या कागदांवर करून आणली होती, आइनट्रागुंग म्हणतात तिला. गाडी मूळपदावर आल्यावर तिची पुन्हा तपासणी झाल्याशिवाय बेर्न्ड ती रस्त्यावर सोडेना. त्यात आणखी एक आठवडा गेला. म्हणजे रडले तो रविवार धरून चार रविवार. रुडोल्फ त्यातले तीन रविवार खिडकीत बसून राहिले. बाई बसने जायच्या, दोन ठिकाणी बस बदलून, आणि शेजारी बसून यायच्या.

काम या वेळी बेर्न्डच्या पद्धतीने केलं. रबरी बुशांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना आवळायचे नसतात. तसे आवळले तर गाडी जमिनीवर आली की रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते फाटतं. गाडी आपल्या पायांवर उभी, माणसांचं वजन आत, आणि मग शेवटचा पीळ. वजनासाठी वाळूची दोन-दोन पोती दोन्ही सीटवर ठेवली. वरचा हिशोब जुळेना म्हणून सुलभाने स्वयंपाकघरातून पिशव्या आणल्या. डावीकडे दहा किलो बासमती आणि एक किलो तूरडाळ, एक्कावन्न. उजवीकडे पंधरा किलो पीठ आणि एक किलो चणाडाळ, छप्पन्न. बेर्न्डने फॉर्मवर लिहिलं, डाळीसकट.

चालवून बघायची वेळ आली तसा मी सवयीने दार उघडलं.

“अहो, तुम्ही कुठे निघालात?” सुलभा म्हणाली. “उतरा आधी.”

बेर्न्ड बसला चालवायला, तो सुकटा आहे. उजव्या सीटवर सुलभा. तिचं वजन चोपन्न, आणि दोन वर्षांपूर्वी तिची मणक्यातली गादी सरकलेली. तिच्याइतकं अचूक यंत्र त्या दिवशी सगळ्या हेसेनमध्ये नव्हतं. फरशीच्या रस्त्यावरून तीन फेऱ्या झाल्या. दर फेरीला ती उतरायची, कमरेवर हात ठेवायची आणि सांगायची, “मागून अजून बोचतंय.” बेर्न्ड टायरमधली हवा थोडी कमी करायचा. तिसऱ्या फेरीनंतर ती उतरलीच नाही.

“काय झालं?”

“काही नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच तुमच्याशिवाय गाडीत बसले. किती शांत असते हो गाडी!”

बेर्न्डला मराठी येत नाही, पण तो हसला. मला हसू आलं नाही. अकरा वर्षं कारखान्यात आणि सतरा इथे, मी माझ्या बुडावर विश्वास ठेवून लोकांना सांगत आलो होतो की तुमची गाडी कशी आहे. त्यांच्यातली किती माणसं हलकी होती, मी कधी मोजलं नव्हतं.

पाचव्या रविवारी मी आणि सुलभा होमच्या पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिलो. सिस्टरबाईंनी चाकाच्या खुर्चीतून रुडोल्फना आणलं. तो कोट एके काळी रुंद खांद्यांच्या माणसासाठी शिवलेला होता, आता नुसता टांगल्यासारखा दिसत होता. त्यांनी आणि फ्राऊ वीगांडांनी मिळून त्यांना उचलून आत बसवलं. त्यांनी हात मांडीवर ठेवले. दांड्याकडे नाही, मांडीवर. बाईंनी वाट बघितली. मग स्वतःच पहिला गिअर टाकला आणि गाडी फाटकातून बाहेर गेली.

आम्हाला पुढचा रस्ता दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. दुसरा गिअर पडला, लगेच, स्वच्छ. बाईंचा हात. मग फरशीचा रस्ता. सुलभाने माझी बाही धरली. इंजिनाचा आवाज चढत गेला, चढत गेला, क्लच दाबल्यावर होतो तसा मोकळा झाला आणि तसाच लोंबकळत राहिला. नको इतका वेळ. मग तिसरा पडला. थोडा खरखरत, हळू, जुन्या माणसाने कडी लावावी तसा. मी या गोष्टीत कुठे कुठे फुगवलंय ते सांगत आलोय. इथे एक शब्दही नाही.

तासाभराने ते परतले. सिस्टरबाईंनी रुडोल्फच्या पाठीवरून हात फिरवला, चेहरा बघितला आणि मान हलवली. बाई गाडीतून उतरून माझ्याकडे आल्या आणि एवढंच म्हणाल्या, “परतीचे सगळे त्यांनी टाकले.”

मी तेव्हाही सांगितलं नाही. एवढ्या चांगल्या दिवशी कशाला, असं मनाशी म्हटलं.

असे आणखी तीन रविवार मिळाले. नोव्हेंबरमध्ये रुडोल्फना न्यूमोनिया झाला आणि आठवड्यात गेले. अंत्यविधीला आम्ही तिघंही गेलो. बेर्न्डला काळ्या कोटात मी पहिल्यांदा पाहिलं. नंतर गावातल्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खानावळीत, कॉफी आणि साधा केक होता, इथे तसा रिवाज आहे. माणसं थोडी होती, बोलत होती, मधूनच हलकं हसतही होती. माझ्या डोक्यात एकच गणित फिरत होतं. दुखत होतं तरी गाडीत बसू शकत होते, असे त्यांचे शेवटचे आठ रविवार. त्यातले चार ते जगले. चार मी खाल्ले, एक प्रश्न विचारायची लाज वाटली म्हणून. आणि बाईंना अजून वाटत होतं की दोष कुठल्या तरी खराब खेपेचा.

“अहो,” सुलभा हळूच म्हणाली, “आता तरी.”

मी उठून बाईंच्या समोर बसलो. आयुष्यभर गोष्टी सांगत आलेला माणूस मी, पण ही सांगता येईना. मागूनपुढून सांगितली. की स्प्रिंगा चांगल्या होत्या. खेप खराब नव्हती. फॉर्मवर वजनाचा रकाना होता आणि मी विचारलं नाही, तुमच्या जागी मी बसलो, त्यांच्या जागी चार पोती ठेवली. शंभर किलोमीटर नाही, अठरा. ते रडले ते माझ्यामुळे, तुम्ही त्यांना दुखवलं नव्हतं. चार रविवार माझ्यामुळे गेले. हे तेव्हाच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही.

फ्राऊ वीगांडांनी सगळं ऐकलं. कपातली कॉफी संपवली आणि कप बशीत ठेवला.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या बायकोने वजनं विचारली तेव्हाच कळलं. पण जवळपास दुसरं गॅरेज नव्हतं.”